हॉकिन्स क्लासिक, पाच लिटर : चार वर्षं रोज वापरल्यानंतर

दोन माणसांना पाच लिटरचा कुकर कशाला, असं वाईतल्या भांड्यांच्या दुकानदारानं मला विचारलं होतं. त्याचं चुकत नव्हतं. हिशेबानं पाहिलं तर दोघांना तीन लिटर भरपूर होतो. मी तरी पाचचाच घेतला, जुलै २०२१ मध्ये, दोन हजारांच्या आत. तेव्हापासून तो रोज, कधी दिवसातून दोनदा, गॅसवर चढतो आहे. एवढ्या वापरानंतर एखाद्या वस्तूबद्दल बोलायला हरकत नसावी. शिवाय ‘दोन माणसांसाठी किती लिटरचा घेऊ’ असं विचारणारे पुष्कळ असतात आणि त्यांना उत्तरं मिळतात ती सगळी लिटरमध्ये. माझं उत्तर जरा लांब आहे.

आधी माझ्याकडे ह्याच कंपनीचा दीड लिटरचा होता. आई गेल्यावर घेतलेला. मी मुद्रितशोधनाचं काम करतो. पुण्याच्या प्रकाशकांची प्रुफं पूर्वी एसटीच्या पार्सलनं यायची, आता मेलवर येतात, त्यामुळे मला कुणाच्या दारात जावं लागत नाही आणि माझ्या दारात कुणी येत नाही. गावात मला माणूसघाणा म्हणतात. मला माणसांचा तिटकारा नाही, माणसांत बसलं की काय बोलावं ते सुचत नाही, इतकंच आहे. बारा वर्षं मी एकटा राहिलो आणि त्यात मला काही कमी वाटलं नाही. सकाळी अर्धी वाटी तांदूळ, मूठभर तूरडाळ, वर हळद-मीठ, दोन शिट्ट्या. दीड लिटरचा कुकर हे एकट्या माणसाचं फार चांगलं भांडं आहे, हे मी आजही सांगेन. त्यात शिजतं तेवढं संपतं. धुवायला कुकर आणि एक ताट. संध्याकाळी उरलेलं काय करायचं हा प्रश्नच नाही.

एप्रिल २०२१ मध्ये इचलकरंजीला आधी दाजी गेले आणि अकरा दिवसांनी ताई. दाजी एका यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी होते. दोघंही दवाखान्यातूनच गेले, घरी परत आले नाहीत. भाची तेरा वर्षांची. दाजींच्या बाजूला एक म्हातारी आत्या, ती स्वतःच दुसऱ्याच्या आधारानं राहणारी. तेव्हा जिल्हा ओलांडायला ई-पास लागायचा. तो काढून, एक गाडी ठरवून मी गेलो आणि तिला घेऊन आलो. दोन बॅगा, शाळेचं दप्तर आणि ताईचा मोबाइल एवढं तिच्याबरोबर होतं. गाडीत आम्ही कराडपर्यंत एक शब्द बोललो नाही. कराडला मी विचारलं, भूक लागलीय का. ती म्हणाली, नाही. मला ते खरं वाटलं.

पहिला दीड महिना आम्ही दोघं त्या दीड लिटरच्या कुकरवरच जेवलो. मी अर्ध्या वाटीची एक वाटी केली. माझ्या मते ते दुप्पट होतं. ताटात वाढायचो, ती खायची, ‘अजून?’ म्हटलं की मान हलवून नको म्हणायची. मी पुन्हा विचारत नसे. कुणी मला पुन्हा पुन्हा विचारलं तर मला आवडत नाही, म्हणून तिलाही आवडत नसेल असं मी धरून चाललो होतो.

त्या सुमारास सरकारनं दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली कृती दल नेमलं होतं. राज्याची पाच लाखांची ठेव, केंद्राच्या पीएम केअर्समधून तेविसाव्या वर्षी मिळणारे दहा लाख, महिन्याचं बालसंगोपनाचं अनुदान, हे सगळं त्या दलाकडून आणि बालकल्याण समितीकडून पुढे सरकायचं. बालसंगोपनाचे तेव्हा महिना १,१०० रुपये मिळत, २०२३ पासून २,२५० झाले. पण कागद पुढे जायच्या आधी गृहभेट होते. मूल कुठे झोपतं, कुठे अभ्यास करतं, कुणाबरोबर राहतं, हे प्रत्यक्ष बघायला माणूस येतो. आमच्याकडे सातारहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, मास्क लावलेल्या, गुडघ्यानं अधू. माझा जिना चढताना दोनदा थांबल्या. बारा वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिलेली ती पहिली बाहेरची व्यक्ती.

त्यांनी भाचीला बाजूला घेऊन काय विचारलं ते मला माहीत नाही. मला त्यांनी पगार, घराचा उतारा, प्रकृती, सगळं विचारलं. जाताना ओट्यावर पालथा घातलेला कुकर उचलून पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘हा एवढाच?’’ मी म्हटलं, दोघांना पुरतो. त्या म्हणाल्या, ‘‘पुरतो हो. पण मोठा घ्या. दुसऱ्याच्या घरी आलेलं लेकरू भांड्याचा तळ बघून जेवतं.’’

त्या रात्री मी पाहिलं. खरोखर पाहिलं, प्रुफात काना-मात्रा बघतो तसं. मी कुकरमधून भात वाढत होतो आणि तिची नजर ताटावर नव्हती, माझ्या हातातल्या डावाच्या टोकावर होती. डाव तळाला घासल्याचा खर्रकन आवाज झाला आणि तिनं हात आडवा धरला. ‘‘बास मामा.’’ कुकरात डावभर भात उरला होता, तो माझ्या वाटणीचा म्हणून तिनं सोडला होता. दीड महिना ती असंच करत होती आणि मी तिची भूकच तेवढी आहे असं समजत होतो.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. म्हणून पाच लिटर.

आता कुकरविषयी. हॉकिन्सचं झाकण आतून बसतं. बाहेरून बसणाऱ्या झाकणाचा कुकर ज्यांनी वापरला आहे त्यांना पहिले चार दिवस हे जमत नाही. मला दीड लिटरचं जमायचं, पण त्याचं झाकण तळहाताएवढं. पाचचं मोठं आणि जड आहे, आणि रिंग नवी असताना ते अडकतं. मी ओट्यापाशी उभा राहून ते सरळ दाबत होतो, काढत होतो, पुन्हा दाबत होतो. ती दारात उभी होती. म्हणाली, ‘‘तसं नव्हं मामा. तिरकं घालायचं. आमचा हाच हाय.’’ आणि पुढे होऊन तिनं झाकण माझ्या हातून घेतलं. कडेवर उभं धरलं, तिरकं करून तोंडातून आत सोडलं, आत गेल्यावर आडवं फिरवलं, दांड्यावर दांडा आणून वर ओढलं आणि कडी अडकवली. एका दमात. आमच्या घरी आल्यापासूनचं तिचं ते सगळ्यांत लांब बोलणं होतं. ‘हाय’ असं म्हणाली होती, ‘होता’ नाही. तेही माझ्या लक्षात आलं.

ह्या रचनेचा फायदा असा की आत वाफ असेपर्यंत ती वाफच झाकणाला खालून वर दाबून धरते. कुकर पडल्याशिवाय झाकण निघत नाही, कितीही जोर लावा. घरात घाईची किंवा लहान माणसं असतील तर ही मोठी गोष्ट आहे. प्रेशर लवकर काढायचं असेल तर शिट्टी जरा उचलून वाफ सोडता येते, पण डाळ-भाताला मी तसं करत नाही. फेस वर येतो. वाट पाहावी. साधारण दहा मिनिटं लागतात, आणि त्या वाफेतही पदार्थ शिजतच असतो.

तोटा असा की झाकण आत बसवायचं म्हणून तोंड आत वळलेलं, पोटापेक्षा लहान असतं. त्यामुळे घरातले जुने कुकरचे डबे ह्यात जात नाहीत. आईच्या वेळच्या आमच्या कुकरचे तीन पितळी, कल्हईचे डबे मी माळ्यावरून काढले, घासले, आणि एकही तोंडातून आत जाईना. ह्याच मापाचे वेगळे घ्यावे लागतात. कुकर घेतानाच दुकानात डबा आत घालून पाहा. आपल्याकडे कुकर लावायचा म्हणजे खाली पाणी, त्यावर जाळी, वर डाळीचा डबा, त्यावर भाताचा, जमल्यास बाजूला दोन बटाटे. ह्या पद्धतीनं करणार असाल तर तीन लिटरमध्ये ओढाताण होते आणि पाचमध्ये सगळं एकावर एक नीट बसतं. कुकरातच थेट भात किंवा खिचडी करणार असाल तर मग तीनच घ्या. पाचमध्ये दोघांपुरता भात थेट केला तर तळाला पसरतो आणि खरपुडी धरते. (खरपुडी आवडत असेल तर गोष्ट वेगळी. आमच्यात तिच्यावरून आता वाटणी होते.)

खाली पाणी घालताना त्यात लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचं बोटूक टाकावं, आतून काळा पडत नाही. ही ताईची रीत, भाचीकडून आलेली. मला बारा वर्षांत कुणी सांगितली नव्हती आणि माझा छोटा कुकर आतून कोळशासारखा झाला होता.

कुकरबरोबर माहितीपुस्तिका येते. मी ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. छापलेलं काही हातात आलं की माझं तसंच होतं. पुस्तिका चांगली आहे. डाळ-तांदळासारखे फुगणारे, फेसाळणारे जिन्नस थेट घातले तर अर्ध्याच्या वर भरायचं नाही, बाकी काहीही दोन-तृतीयांशाच्या वर नाही. वापरायच्या आधी दर वेळी झाकणातली वाफेची नळी मोकळी आहे ना, हे उजेडाकडे धरून बघायचं. आणि मुख्य म्हणजे शिट्ट्या मोजायच्या नाहीत. पूर्ण प्रेशर आलं की गॅस बारीक करायचा आणि तिथून मिनिटं मोजायची. शास्त्र बरोबर आहे. त्या प्रेशरला आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, ते एकदा गाठलं की मोठ्या आचेनं पदार्थ लवकर शिजत नाही, गॅस तेवढा जळतो.

मी हे तिला समजावून सांगितलं, पुस्तिका उघडून, ओळीवर बोट ठेवून. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘पण आई तीनच शिट्ट्या काढायची.’’

मी पुस्तिका मिटून ठेवली. आमच्या घरात आजही शिट्ट्याच मोजतात.

तिनं त्याच आठवड्यात वहीचं एक पान फाडून त्यावर यादी केली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. भात-डाळ ३ शीट्टी. बटाटा ४ शीट्टी. हरभरा भिजवलेला ६ शीट्टी. शेंगा मीठ घालून ३ शीट्टी. हुलगे, आणि त्यापुढे जागा मोकळी; हुलग्यांना ताई किती शिट्ट्या काढायची ते तिला आठवत नव्हतं. चार ठिकाणी ‘शि’ दीर्घ. तीस वर्षं मी लोकांच्या चुका दुरुस्त करतोय. दुकानांच्या पाट्यांवरची चूकसुद्धा मला खुपते. ते दार मी दिवसातून चार वेळा उघडतो. ते पान आहे तसं आहे.

शिट्टीचा आवाज मोठा आहे. ज्यांना शांतता लागते त्यांना हे आधीच सांगायला हवं. छोटा कुकर फुसफुसायचा. हा घर दणाणून सोडतो. सुरुवातीला मी कामाच्या खोलीत प्रत्येक शिट्टीला दचकत होतो, वाचत असलेली ओळ हरवायची. तिचं उलटं होतं. तिला रात्री झोप लागत नसे, पण संध्याकाळी मी कुकर लावला की पहिल्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये ती पुस्तकावर डोकं टेकून झोपलेली असायची. मग मी कुकर साडेसात ऐवजी साडेसहाला लावू लागलो, म्हणजे तिला जेवणाआधी तासभर मिळे. तिला उठवायला मात्र जड जायचं. मी ताटं जरा जोरात मांडायचो.

एकदा माझ्या हातून चूक झाली, तीही लिहायला हवी. दुसऱ्या वर्षी एका ग्रंथाची शेवटची प्रुफं त्याच दिवशी द्यायची होती. कुकर लावला आणि डब्यांखाली पाणी घालायलाच विसरलो. शिट्टी होईना. होत नाही हेही माझ्या ध्यानात आलं नाही, मी सूचीत बुडालो होतो. भाची शाळेतून आली, तिला जिन्यात वास आला. धावत जाऊन तिनं गॅस बंद केला. सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू वितळून गेला होता. तो तसा वितळावा म्हणूनच बसवलेला असतो, म्हणजे कुकरनं त्याचं काम केलं होतं. बुडाला निळसर-काळा डाग पडला, तो अजून आहे. व्हॉल्व्ह कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतो आणि घरी बदलता येतो. रिंग बदलतानाच तोही पाहावा, आणि कंपनीचाच घ्यावा.

ती त्या दिवशी मला रागावली. आल्यापासून पहिल्यांदा. ‘‘तुम्हाला काय झालं असतं तर मी कुठं जाऊ?’’ असं म्हणाली आणि मग किती तरी वेळ गॅसपाशीच उभी राहिली. पालकत्वाचा हुकूम मला तेव्हा नुकताच मिळाला होता. इचलकरंजीचं घर ताई-दाजींच्या नावावर होतं, आता तिचं झालं. म्हणून १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली अर्ज केला होता. त्या कायद्यानं पालकाला अज्ञान, म्हणजे अठरा पुरी न झालेल्या, मुलाचं घर कोर्टाच्या परवानगीवाचून विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. ते योग्यच आहे. मूल जाणतं असेल तर त्याची इच्छाही विचारात घेतात. न्यायाधीशांनी तिला आत बोलावून विचारलं होतं. ती काय म्हणाली ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. हुकूम माझ्याकडे फायलीत होता, पण त्या कागदात मी काय कबूल केलंय ते मला ह्या ओट्यापाशी कळलं. तेव्हापासून कुकर गॅसवर असताना मी प्रुफं हातात घेत नाही. स्वयंपाकघरात स्टूल ठेवलंय, त्यावर बसतो. तीही येऊन बसते, डब्यावर. कधी बोलतो, कधी नाही.

आता भात रोज उरतो. हे मुद्दाम. चार जणांचा होईल एवढा लावतो, डावाला तळ लागत नाही. ती दुसऱ्यांदा घेते, तिसऱ्यांदा घेते, आमटी संपली तर नुसत्या भातावर दही आणि कांदा-लसूण चटणी घेऊन बसते. पहिल्या वर्षात पाच बोटं उंच झाली. दारावर खूण आहे. उरलेल्या भाताला सकाळी तीच फोडणी देते, शेंगदाणे सढळ हातानं घालते. बारा वर्षं मी शिळं खाल्लं नव्हतं, आता सकाळी त्याचीच वाट बघतो.

तर माझं मत. एकट्या माणसाला दीड लिटर. दोघं मोठी, आपापल्या भुकेबद्दल मोकळेपणी बोलणारी माणसं असतील तर तीन. घरात नवं मूल आलं असेल, पुतण्या असो, भाची असो, शिकायला ठेवलेलं गावाकडचं कुणी असो, तर पाच घ्या आणि भात उरू द्या. गॅस थोडा जास्त लागतो. मला पूर्वी सिलिंडर चार महिन्यांच्या वर जायचा, आता दोन. घासायला जड आहे, मनगट दुखत असेल तर विचार करा. रिंग मी चार वर्षांत तीनदा बदलली, ती सैल पडली की शिट्टी व्हायच्या आधी कडेनं वाफ सुटते, त्यावरून कळतं. दांड्याचे स्क्रू सहा महिन्यांनी आवळावेत. ह्यापलीकडे ह्या कुकरनं मला काही खर्चात पाडलेलं नाही.

येत्या डिसेंबरात ती अठराची होईल. कोर्टाचा हुकूम त्या दिवशी संपतो. बारावीचं वर्ष आहे, क्लास संध्याकाळी साडेसातला सुटतो. काल बाजारात हुलगे चांगले दिसले म्हणून आणले, रात्री भिजत घातलेत. यादीतली ती मोकळी जागा गेल्या हिवाळ्यात आम्ही भरली. आठ. सातला कुकर लावायचा आहे.